गृहनिर्देशिका, युनिक्ससदृश परिवेशातील

एकाच संगणकावर अनेक व्यक्ती काम करीत असताना प्रत्येक वापरकर्त्याच्या स्वतःच्या फाइली, कामाच्या सवयींसंबंधीच्या नोंदी आणि गुप्त किल्ल्या ठेवण्यासाठी परिचालन प्रणाली जी स्वतंत्र निर्देशिका नेमून देते, तिला गृहनिर्देशिका म्हणतात. युनिक्स या परिचालन प्रणालीत व तिच्या धर्तीवर घडविलेल्या प्रणालींत ही संकल्पना मूलभूत आहे. विंडोज ही निराळ्या परंपरेतील प्रणाली असून तीतही वापरकर्त्याची स्वतंत्र निर्देशिका असते. परंतु तिची जागा, तिचे नाव आणि ती ठरविण्याची रीत वेगळी आहे. युनिक्ससाठी लिहिलेले कार्यक्रम विंडोजवर चालावेत म्हणून या दोहोंमध्ये सॉफ्टवेअरचा जो थर बसवितात, त्याला युनिक्ससदृश सुसंगत परिवेश असे म्हणतात. अशा परिवेशात एकाच व्यक्तीला दोन घरे प्राप्त होतात. त्यांपैकी कोणते खरे मानावयाचे हे ठरवून तशी नोंद करून ठेवणे, म्हणजे गृहनिर्देशिकेची मांडणी होय. मांडणी सदोष असल्यास फाइली सहसा नष्ट होत नाहीत. त्या नष्ट झाल्याचा भास मात्र होतो आणि त्या समजुतीने केलेल्या उपायांत त्या खरोखरच नष्ट होऊ शकतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः सिगविन या दीर्घकाळ प्रचलित असलेल्या परिवेशाचा विचार केला आहे. फाइलींची व निर्देशिकांची नावे येथे देवनागरीत दिली असली, तरी मुळात ती रोमन लिपीत आहेत व संगणकावर त्याच लिपीत टंकावी लागतात.

युनिक्समधील गृहनिर्देशिका : युनिक्सचा आरंभ १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन व डेनिस रिची यांच्या कार्यातून झाला. सुरुवातीस वापरकर्त्यांच्या निर्देशिका ‘यूएसआर’ या निर्देशिकेत असत. त्या तीन अक्षरांचा मूळ अर्थ ‘वापरकर्ता’ एवढाच होता. पुढे त्या जागेत प्रणालीचेच कार्यक्रम साठत गेले आणि ज्यांच्या नावाने घर बांधले होते त्या वापरकर्त्यांनाच इतरत्र हलवावे लागले. आज बहुतेक युनिक्ससदृश प्रणालींत मूळ निर्देशिकेखाली ‘होम’ ही निर्देशिका असते व तीत प्रत्येकाच्या खात्याच्या नावाची निर्देशिका असते. गृहनिर्देशिकेसाठी ~ हे नागमोडी चिन्ह संक्षेपाने वापरतात. हे चिन्ह आले कोठून, याचे उत्तर एका कळफलकात सापडते : एडीएम-३ए या अंत्यस्थानक यंत्रावर ‘होम’ हा शब्द आणि हे चिन्ह एकाच कळीवर छापलेले होते.

कोणाचे घर कोठे आहे, याची पारंपरिक नोंद ‘/इटीसी/पासडब्ल्यूडी’ या साध्या मजकुराच्या फाइलीत असते. तीत प्रत्येक वापरकर्त्यासाठी एक ओळ असून अपूर्णविरामांनी अलग केलेले सात रकाने असतात : खात्याचे नाव, परवलीच्या शब्दाची जागा, वापरकर्ता-क्रमांक, गट-क्रमांक, वर्णन, गृहनिर्देशिका आणि शेल. यांतील नाव हे माणसांच्या सोयीसाठी असते. फाइलीची मालकी ठरविताना प्रणाली नावाकडे मुळीच पाहत नाही. ती केवळ क्रमांक जाणते. सहावा रकाना म्हणजे गृहनिर्देशिका हीसुद्धा नावाशी जोडलेली असलीच पाहिजे असे नाही. ती तशी असते, कारण व्यवस्थापकांची तशी प्रथा आहे. नाव, क्रमांक आणि जागा या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत, ही बाब सामान्य परिस्थितीत लक्षात येत नाही. पुढे वर्णन केलेल्या प्रसंगी ती एकदम उघडी पडते.

या फाइलीखेरीज ‘होम’ नावाचे एक परिवेश-चलही असते. १९७९ मधील युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून प्रत्येक कार्यक्रमास सुरू होताना अशा चलांची यादी मिळू लागली. प्रवेश करताना नोंदवहीतील सहाव्या रकान्याचे मूल्य या चलात भरले जाते व नंतरचे बहुतेक कार्यक्रम फाइल न वाचता चलाकडूनच घराचा पत्ता घेतात. मूळ युनिक्समध्ये दोन्ही पत्ते एकच असल्याने यात काही अडचण येत नाही.

विंडोजमधील व्यवस्था : विंडोजच्या एनटी शाखेत प्रत्येक खात्यास एक सुरक्षा-ओळख दिलेली असते. ही अंकांची एक लांब साखळी असून तिचा अखेरचा अंक त्या संगणकावरील खात्याचा अनुक्रम दाखवितो. हाताने उघडलेल्या स्थानिक खात्यांचे अनुक्रम १००० पासून पुढे चालतात, तर अंगभूत व्यवस्थापक-खात्याचा अनुक्रम नेहमी ५०० असतो. वापरकर्त्याची निर्देशिका विंडोज एक्सपीपर्यंत ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ या नावाखाली असे. २००७ मध्ये सर्वसामान्यांस उपलब्ध झालेल्या व्हिस्टापासून ती ‘सी:\युजर्स’ येथे आली. हा बदल स्वागतार्ह ठरला, कारण जुन्या नावात दोन ठिकाणी रिकामी जागा होती आणि युनिक्सच्या शेलमध्ये रिकामी जागा ही शब्द संपल्याची खूण असते. अवतरणचिन्हे न घालता लिहिलेल्या असंख्य आज्ञा त्या नावावर अडखळत. खात्याचेच नाव दोन शब्दांचे असेल, तर ही अडचण आजही जशीच्या तशी उभी राहते.

विंडोजमधील या निर्देशिकेचे नाव खाते पहिल्यांदा वापरताना एकदाच ठरते. इंटरनेटवरील खात्याने संगणकाची प्रथम मांडणी केल्यास विंडोज १० व ११ मध्ये ते ई-मेल पत्त्याच्या पहिल्या पाच अक्षरांचे होते. त्यामुळे स्वतःचेच नाव अर्ध्यावर तुटलेले पाहून अनेक जण चकित होतात. एकदा ठरलेले नाव खात्याचे नाव बदलले तरी बदलत नाही, कारण विंडोज सुरक्षा-ओळखीवरून निर्देशिका शोधते. ओळख आणि निर्देशिका यांची जोडी तिच्या अंतर्गत नोंदवहीत स्वतंत्रपणे लिहिलेली असते.

सिगविन : या परिवेशाचा प्रारंभ १९९५ मध्ये सिग्नस सोल्यूशन्स या अमेरिकन कंपनीत स्टीव्ह चेंबरलेन यांनी केला. मुक्त सॉफ्टवेअरला व्यावसायिक आधार पुरविणारी ही कंपनी १९८९ मध्ये स्थापन झाली होती. पुढे ती रेड हॅट कंपनीत विलीन झाली. सिगविनचा गाभा म्हणजे एक सामायिक संग्रहफाइल होय. युनिक्सचा कार्यक्रम जी आवाहने गाभ्याकडे करतो, ती ही फाइल स्वतःकडे घेते आणि विंडोजच्या आवाहनांत त्यांचे रूपांतर करते. त्यासाठी कार्यक्रम मूळ लेखापासून पुन्हा बांधून घ्यावा लागतो; लिनक्ससाठी तयार झालेला कार्यक्रम उचलून थेट चालविता येत नाही. फाइलींचे मार्गही सिगविन बदलून दाखविते : विंडोजचा ‘सी:’ हा विभाग तेथे ‘/सिगड्राइव्ह/सी’ म्हणून दिसतो, तर सिगविन ज्या निर्देशिकेत बसविले असेल ती स्वतःच मूळ निर्देशिका ठरते. परिणामी सिगविनमधील ‘/होम’ ही निर्देशिका प्रत्यक्षात सिगविनच्या स्थापनेच्या पोटात असते आणि ‘सी:\युजर्स’शी तिचा काहीही संबंध नसतो. दोन घरांचा प्रश्न येथून सुरू होतो. [⟶ संगणक].

२०१५ पूर्वी सिगविनमध्ये ‘/इटीसी/पासडब्ल्यूडी’ ही फाइल प्रत्यक्ष तयार करून ठेवावी लागे. त्यासाठी ‘एमकेपासडब्ल्यूडी’ हा एक साहाय्यक कार्यक्रम होता. तो विंडोजमधील खाती वाचून ओळी लिहून देई आणि व्यवस्थापक त्यांतील सहावा रकाना हाताने दुरुस्त करी. ही रीत समजण्यास सोपी होती. पण नवे खाते उघडल्यावर फाइल पुन्हा तयार करावी लागे आणि ते विसरल्यास नव्या वापरकर्त्यास धड नाव व घर मिळत नसे. २०१५ च्या आरंभी आलेल्या १.७.३४ या आवृत्तीपासून सिगविन विंडोजच्या खातेवहीकडे थेट विचारणा करू लागले आणि ही फाइल ऐच्छिक झाली. वापरकर्ता-क्रमांकही आता गणिताने निघतो. स्वतंत्र, म्हणजे डोमेनमध्ये नसलेल्या संगणकावरील स्थानिक खात्याच्या अनुक्रमात १,९६,६०८ मिळविले की तो मिळतो. १००१ अनुक्रमाच्या खात्याचा क्रमांक म्हणून १,९७,६०९ येतो. सिगविन वापरणाऱ्या असंख्य घरगुती संगणकांवर हाच आकडा दिसतो, याचे कारण एवढेच.

मांडणीचे पर्याय : नव्या व्यवस्थेत घराची जागा ‘/इटीसी/एनएसस्विच.कॉन्फ’ या फाइलीतील ‘डीबी_होम’ या एका ओळीने ठरते. ही ओळ दिलेली नसेल किंवा तिच्यातून उत्तर मिळत नसेल, तर ‘/होम’ या निर्देशिकेत खात्याच्या नावाची निर्देशिका हे घर मानले जाते. ओळीत ‘विंडोज’ हा शब्द लिहिल्यास विंडोजमधील निर्देशिका हेच सिगविनचेही घर होते. मोठ्या संस्थांत जेथे मध्यवर्ती खातेवही असते, तेथे ‘युनिक्स’ किंवा ‘सिगविन’ हे शब्द लिहून त्या वहीतील खास रकान्यांतून पत्ता घेता येतो, आणि ‘डेस्क’ हा शब्द खात्याच्या वर्णनात दडवून ठेवलेली सूचना वाचतो. हे तीन पर्याय जिल्हा पातळीवरील कार्यालयास किंवा महाविद्यालयास क्वचितच लागतात. त्यांपेक्षा अधिक उपयुक्त पर्याय म्हणजे मार्गाचा साचा स्वतः लिहिणे. साच्यात टक्केचिन्हानंतरच्या अक्षरांना ठरलेले अर्थ आहेत : मोठ्या लिपीतील ‘यू’ म्हणजे विंडोजमधील खात्याचे नाव, ‘डी’ म्हणजे डोमेन, ‘एच’ म्हणजे विंडोजमधील निर्देशिकेचा युनिक्स पद्धतीने लिहिलेला मार्ग.

या पर्यायांतून निवड करताना मतभेद होतात. दोन्ही घरे एकच ठेवण्यात सोय आहे. एका बाजूस ठेवलेला दस्तऐवज दुसऱ्या बाजूस लगेच सापडतो आणि राखीव प्रती घेण्याची व्यवस्था एकदाच करावी लागते. उलट युनिक्समधील कार्यक्रम बिंदूने सुरू होणाऱ्या नावांच्या अनेक फाइली घरात पसरून ठेवतात. युनिक्समध्ये त्या यादीत दिसत नाहीत. विंडोज मात्र अशा नावांना लपविण्याची खूण मानीत नाही, आणि ‘हा केर कोणी टाकला’ म्हणून एखादा सहकारी त्या पुसून टाकतो. ‘/%एच/सिगविन’ असा साचा लिहून विंडोजच्या निर्देशिकेतच सिगविनसाठी एक वेगळी खोली करणे, हा या दोहोंमधील मार्ग बहुतेक ठिकाणी सर्वांत समाधानकारक ठरतो. फाइली मिसळत नाहीत आणि राखीव प्रतीतूनही सुटत नाहीत. ‘सी:\युजर्स’ ही निर्देशिका ‘/होम’ या जागी जोडणे किंवा तेथे सांकेतिक दुवा ठेवणे ही जुनी युक्तीही चालते, पण ती संपूर्ण संगणकास लागू पडते व एका व्यक्तीपुरती बदलता येत नाही.

फाइलीतील बदल तत्काळ लागू होत नाही. सिगविनचा पहिला कार्यक्रम सुरू होताना ती वाचली जाते आणि पुढचे कार्यक्रम तेच उत्तर वापरतात. म्हणून सिगविनच्या सर्व खिडक्या व मागे चालू असलेल्या सेवा बंद करून नव्याने सुरुवात करणे आवश्यक असते. बदल केला, परिणाम दिसला नाही, म्हणून आणखी एक बदल केला, आणि नंतर दोन्ही एकदम लागू झाले, असे पुष्कळदा घडते.

चल आणि नोंद यांतील तफावत : ‘होम’ हे चल विंडोजमध्ये सामान्यतः नसते, परंतु एखादा मजकूर-संपादक किंवा अन्य साधन बसविताना ते बाहेरूनच निश्चित केलेले असू शकते. बाहेरून आलेल्या या मूल्यास सिगविनने किती महत्त्व द्यावे, याबाबतचे वर्तन आवृत्तीनुसार बदलत आले आहे. वापरकर्त्याच्या दृष्टीने धोका असा की, शेल व बहुतेक साधने चलाकडे पाहतात. पण दूरच्या संगणकावर सुरक्षित प्रवेश देणारा ‘एसएसएच’ हा कार्यक्रम चलाकडे दुर्लक्ष करून खात्याच्या नोंदीतील सहावा रकानाच प्रमाण मानतो. चल एकीकडे आणि नोंद दुसरीकडे असल्यास वापरकर्ता एका घरात आपली किल्ली ठेवतो आणि एसएसएच ती दुसऱ्या घरात शोधतो. किल्ली समोर दिसत असूनही प्रवेश नाकारला जातो आणि दोष दूरच्या संगणकास दिला जातो. अशा वेळी शेलमध्ये चलाचे मूल्य छापून पाहावे व ‘गेटेंट’ या आज्ञेने खात्याची ओळ काढून तिच्यातील सहावा रकाना त्याच्याशी ताडून पाहावा. दोन्ही जुळले, तरच पुढील तपास करण्यात अर्थ असतो.

जुळूनही प्रवेश मिळत नसेल, तर कारण बहुधा परवानग्यांत सापडते. खासगी किल्ली मालकाखेरीज इतरांस वाचता येत असेल, तर एसएसएच ती वापरण्याचे नाकारतो. आणि सिगविनवर येणाऱ्यांस प्रवेश देणारी सेवा चालविली असेल, तर गृहनिर्देशिकेत गटातील इतरांस लिहिता येणेही तिला मान्य नसते. विंडोजच्या परवानग्या युनिक्सपेक्षा अधिक गुंतागुंतीच्या असल्याने विंडोजच्या खिडकीतून नक्कल केलेल्या फाइली युनिक्सच्या दृष्टीस फार मोकळ्या दिसतात. निर्देशिकेस ७०० आणि किल्लीस ६०० हे संकेतांक सिगविनमधूनच द्यावेत.

खात्याचे नामांतर : वर सांगितलेल्या तीन गोष्टींचा, म्हणजे नाव, क्रमांक व जागा यांचा वेगळेपणा प्रत्यक्षात कसा जाणवतो, याचे उदाहरण मराठवाड्यातील धाराशिव जिल्ह्याच्या नामांतरातून घेता येते. हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडलेले उस्मानाबाद हे नाव बदलून शहरास धाराशिव हे जुने नाव देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये घेतला. केंद्र शासनाच्या संमतीनंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराचे आणि सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे बदलले. मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे नामांतर वैध ठरविले. जिल्ह्याची हद्द, त्यातील आठ तालुके, गावांच्या जमिनी व त्यांचे अभिलेख जेथे होते तेथेच राहिले. शिक्के, फलक व लेखनशीर्ष बदलले. संगणकावरील खात्याचे नामांतरही असेच असते, पण तेथे तीन गोष्टींपैकी कोणती नावाबरोबर जाते आणि कोणती मागे राहते, हे मांडणीवर अवलंबून असते.

समजा, जिल्ह्यातील एखाद्या संस्थेच्या सामायिक संगणकावर ‘उस्मानाबाद’ या नावाचे स्थानिक खाते आहे, त्याचा अनुक्रम १००१ आहे आणि सिगविनमध्ये ‘डीबी_होम’ची ओळ लिहिलेली नाही. नव्या आदेशानुसार खात्याचे नाव ‘धाराशिव’ करावयाचे ठरते. विंडोजच्या नियंत्रणफलकातून नाव बदलल्यास केवळ पडद्यावर दिसणारे पूर्ण नाव बदलते. खात्याचे मूळ नाव तेच राहते आणि सिगविनच्या दृष्टीने काहीच घडत नाही. व्यवस्थापनाच्या साधनातून मूळ नाव बदलले, तर मात्र पुढील गोष्टी घडतात. सुरक्षा-ओळख तीच राहते. तिच्यावरून काढलेला १,९७,६०९ हा क्रमांकही तोच राहतो, म्हणून सर्व जुन्या फाइलींची मालकी अबाधित असते. विंडोजची निर्देशिका ‘सी:\युजर्स\उस्मानाबाद’ हीच राहते आणि विंडोजमधील कार्यक्रम पूर्ववत चालतात. सिगविन मात्र नावावरून घर शोधते. ‘/होम/धाराशिव’ ही निर्देशिका अस्तित्वात नसते; तेव्हा प्रवेश करताना चालणारी आज्ञामालिका ती नव्याने निर्माण करते आणि ‘/इटीसी/स्केल’ या नमुना-निर्देशिकेतील आरंभीच्या फाइलींच्या प्रती तीत टाकते. वापरकर्त्यासमोर नवे, स्वच्छ आणि रिकामे घर उभे राहते. कोठेही दोषाचा संदेश येत नाही.

कित्येक वर्षांच्या आज्ञामालिका, आज्ञांचा इतिहास, किल्ल्या, दूरच्या संगणकांच्या ओळखी यांतील एकही वस्तू नव्या घरात नसते. सावधपणे पाहिल्यास ‘/होम’मध्ये ‘उस्मानाबाद’ ही निर्देशिका जशीच्या तशी सापडते. पण सिगविन बिघडले अशी समजूत होऊन ते काढून टाकून पुन्हा बसविण्याचा विचार प्रथम सुचतो, आणि जुनी घरे सिगविनच्या निर्देशिकेच्या पोटात असल्याने ती निर्देशिका पुसताना तीही जातात. नवीन किल्ल्या तयार करून दूरच्या संगणकाच्या व्यवस्थापकाकडे पुन्हा अर्ज करणे हा दुसरा नेहमीचा उपाय होय. तो हानिकारक नसला, तरी अनावश्यक असतो.

योग्य उपाय साधा आहे. सिगविनचे सर्व कार्यक्रम बंद करावेत, जुन्या घराची एक प्रत अन्यत्र घ्यावी, नव्याने निर्माण झालेली रिकामी निर्देशिका बाजूस सारावी आणि जुन्या निर्देशिकेस नवे नाव द्यावे. क्रमांक तोच असल्याने मालकी बदलण्याची गरज पडत नाही. जुना संपूर्ण मार्ग ज्यांत लिहिलेला आहे अशा आज्ञामालिका शोधून दुरुस्त करीपर्यंत जुन्या नावाचा सांकेतिक दुवा नव्या घराकडे वळवून ठेवावा. पत्रावर जुने नाव लिहिले, तरी टपाल पोहोचते, तसाच हा प्रकार आहे. दुसरा उपाय म्हणजे ‘डीबी_होम’मध्ये ‘विंडोज’ किंवा वर सांगितलेला ‘/%एच/सिगविन’ हा साचा लिहिणे. तो नामांतरापूर्वीच लिहिलेला असेल, तर काहीच करावे लागत नाही, कारण ती जागा नावावर अवलंबून नसून सुरक्षा-ओळखीवर अवलंबून आहे. मार्गात जुने नाव दिसत राहते एवढेच. ते खटकते म्हणून ‘सी:\युजर्स’मधील निर्देशिकेचे नाव हाताने बदलण्याचा मोह टाळावा. विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत जुना मार्ग तसाच राहतो आणि पुढच्या प्रवेशाच्या वेळी वापरकर्त्यास तात्पुरती निर्देशिका मिळते, जीतील काम बाहेर पडताच नाहीसे होते. मार्गातील जुन्या नावाने कोणतेही काम अडत नाही.

नामांतराऐवजी ‘धाराशिव’ नावाचे नवेच खाते उघडणे अनेकांना अधिक स्वच्छ वाटते. प्रत्यक्षात ते अधिक त्रासाचे असते. नव्या खात्यास नवी सुरक्षा-ओळख, म्हणून नवा क्रमांक मिळतो. जुन्या फाइली जुन्या क्रमांकाच्या मालकीच्या राहतात आणि परवानग्या कडक ठेवल्या असल्यास नव्या खात्यास त्या वाचताही येत नाहीत. मग व्यवस्थापकाच्या अधिकाराने मालकी बदलावी लागते. त्यापूर्वीच जुने खाते काढून टाकले असेल, तर फाइलींच्या यादीत मालकाच्या जागी ‘अज्ञात’ अशा अर्थाचा शब्द दिसू लागतो. त्याच जुन्या नावाने खाते पुन्हा उघडूनही मालकी परत येत नाही, कारण नाव जुळले तरी ओळख जुळत नाही.

देवनागरी नावे : विंडोजमध्ये खात्याचे नाव देवनागरीत देता येते आणि सिगविनही डिसेंबर २००९ मधील १.७ या आवृत्तीपासून यूटीएफ-८ या संकेतनाचा अवलंब करीत असल्याने असे घर उघडते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक वर्णचिन्हास तीन बाइट लागतात. ‘धाराशिव’ हा शब्द सात वर्णचिन्हांचा, म्हणजे २१ बाइटांचा होतो. मराठीत यापुढची एक अडचण आहे. ‘कऱ्हाड’ या शब्दातील ‘ऱ’ हे एका स्वतंत्र संकेतांकाने लिहिता येते, ‘र’ व नुक्ता अशा दोन संकेतांकांनी लिहिता येते, आणि तेच रूप अदृश्य जोडचिन्ह वापरूनही उमटविता येते. पडद्यावर सर्व नावे सारखीच दिसतात, फाइल-व्यवस्थेस मात्र ती भिन्न असतात. एका कळफलकाने टंकलेले नाव दुसऱ्या कळफलकाने टंकून शोधल्यास ते सापडत नाही. फाइलींची नावे मराठीत ठेवण्यास हरकत नाही व ती ठेवावीतही. परंतु खात्याचे मूळ नाव आणि त्यावरून पडणारे घराचे नाव रोमन लिपीतील लहान अक्षरांत, रिकाम्या जागेविना ठेवणे अद्याप श्रेयस्कर आहे. पडद्यावर दिसणारे पूर्ण नाव देवनागरीत देता येतेच.

अन्य परिवेश : एमएसवायएस-२ हा परिवेश सिगविनपासूनच निघालेला असल्याने त्यातही ‘एनएसस्विच.कॉन्फ’ ही फाइल असते. ‘गिट फॉर विंडोज’ हे त्याच कुळातील साधन आपले घर विंडोजच्या निर्देशिकेतच मानते. त्यामुळे ज्या संगणकावर सिगविन व गिट दोन्ही बसविलेले आहेत, तेथे एकाच व्यक्तीच्या किल्ल्यांचे दोन संच नकळत तयार झालेले आढळतात. ‘डीबी_होम’मध्ये ‘विंडोज’ लिहिल्यास ते एक होतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१६ मध्ये आणलेली लिनक्ससाठीची उपप्रणाली निराळ्या तत्त्वावर आहे. तिच्या पहिल्या आवृत्तीत लिनक्सची आवाहने भाषांतरित होत. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत लिनक्सचा खरा गाभाच आभासी यंत्रात चालतो. तेथील वापरकर्ता विंडोजच्या खात्यावरून ठरत नाही. त्याचे नाव, क्रमांक आणि घर लिनक्सच्या स्वतःच्या ‘/इटीसी/पासडब्ल्यूडी’ फाइलीत असतात, पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक सामान्यतः १००० असतो, आणि विंडोजमधील खात्याचे नामांतर झाले तरी त्या फाइलीतील ओळ बदलत नाही.